आहेर न देणाऱ्या प्रमिलाताई

वसुलीवाल्याचा फोन आला की माणूस उठून बाहेर जातो, आवाज खाली करतो, नाहीतर कापून टाकतो. प्रमिलाताई जागच्या हलत नसत. आमच्या शाळेच्या ऑफिसात, हजेरीपटांच्या ढिगाशेजारी फोन ठेवून त्या स्पीकर लावत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "मी प्रमिला बोलून राहिली. तुमी कोन? पूर्न नाव सांगा." पलीकडचा माणूस ओरडायच्या तयारीनं आलेला असे. नाव विचारल्यावर तो थोडा अडखळे. मग धमक्या सुरू होत. ताई ऐकून घेत आणि दर वेळी तेच सांगत, "माझ्यापाशी आज पैसे नाईत. पगार झाला का अर्धा हप्ता भरतो. अर्धा घेत नसान तं तसं लिहून द्या."

शिपाई, पालक, शुल्क भरायला आलेली पोरं, सगळे ऐकत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घाम फुटला. कारण त्या कर्जावर जामीनदार म्हणून माझी सही होती.

प्रमिलाताई आमच्या विनाअनुदानित शाळेत लिपिक, मी मराठीची शिक्षिका. त्या शहापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत आणि भंडाऱ्याला शेअर ऑटोनं येत. नवरा राजू. त्यानं राइस मिलचा माल वाहायला छोटी मालवाहू गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा पगारपत्रक ताईंकडे होतं म्हणून गाडीही त्यांच्या नावावर आणि कर्जही. जामिनासाठी दोघं नवरा-बायको आमच्या घरी आले होते. मी चहा ठेवला आणि आमच्या यांना न विचारता सही केली. पुढे त्यांचं बिनसलं. का बिनसलं ते ताईंनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. मोनाली, त्यांची अकरावीतली मुलगी, आईकडे राहिली. गाडी राजूकडे राहिली, आणि तिचे हप्ते तो भरेल असं कोर्टाच्या कागदावर लिहिलं गेलं.

त्यानं सुरुवातीचे भरले, मग बंद केले. ताई तो कागद घेऊन फायनान्स कंपनीत गेल्या. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं कागद नीट वाचला आणि अदबीनं परत दिला. "मॅडम, हे तुमच्या दोघांमधलं. आमच्या कागदावर सही तुमची आहे." ताई संध्याकाळी थेट आमच्या घरी आल्या. यांच्यासमोर बसल्या. "भाऊ, हप्ता चुकला. तुमच्या घरीबी फोन येतीन. मी लपवत नाई. पर मॅडमले एक रुपया भरू देनार नाई." त्या गेल्यावर हे माझ्यावर चिडले आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात जेवणं मुक्यानं झाली. फोन तर यायला लागलेच. एकदा दोन माणसं मोटारसायकलवरून आली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझं नाव विचारत फाटकाशी उभी राहिली.

त्या काळात ताईंनी घर कसं चालवलं ते मी जवळून पाहिलं. पगार हातात आला की पहिलं भाडं, मग मोनालीची शिकवणी, मग विजेचं बिल. तांदूळ भावाच्या शेतातला येई. उरलेल्यातून हप्त्याचा जमेल तो भाग. किराणा दुकानातली उधारी त्यांनी बंद केली आणि दुकानदाराला बजावलं, "माझ्या नावावर कोनी मांगाले आलं तं देऊ नका. माझी पोरगी आली तरी." तेल संपलं की चटणी-भात. टीव्हीचा रिचार्ज थांबला. हे सगळं मुलीला समोर बसवून समजावलेलं होतं. मोनाली मान डोलावायची, पण तिचा चेहरा बंद दारासारखा असायचा.

या सगळ्यात मला अवघड वाटलं ते आहेराचं. आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न होतं आणि स्टाफनं मिळून भेटवस्तू द्यायची ठरली. वर्गणी गोळा करणारे सर ताईंच्या टेबलाशी आले. ताई उठून सरळ मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. "सर, मी लग्नाले येतो. सकाळपासून येतो, पंगतीत वाढाले उभी राहतो. आहेर देनार नाई. माझ्याच्यानं होत नाई." लग्नात ताई खरोखरच दुपारपर्यंत भाजीची बादली घेऊन फिरत होत्या. हात धुवायच्या जागी दोघी शिक्षिका आपसात कुजबुजल्या, "जेवायला बरी येते." ताई मागेच होत्या. त्यांनी ऐकलं, भाजी वाढणं पुरं केलं आणि मग जेवायला बसल्या. ऑटोत मला म्हणाल्या, "पैसे नाईत हे सांगाची शरम वाटली, तिथूनच मानूस फसते. राजूले तेच नाई जमलं. मित्राच्या पोराच्या बारश्याले अंगठी, अन् घरात दाना नाई." नवऱ्याबद्दल त्या एवढंच बोलल्याचं मला आठवतं.

तिकडे राजू मोनालीला खूश ठेवत होता. तिच्या वाढदिवसाला त्यानं महागडा मोबाइल आणला. पोरीनं तो शाळेच्या फाटकापाशी आईला दाखवला. ताईंनी तो हातात घेतला, "चांगला हाये" म्हणाल्या आणि परत दिला. त्या दिवशी टायपिंग करताना त्यांनी एकच पत्र पुन्हा पुन्हा चुकवलं.

थकलेले हप्ते, त्यावरचा दंड, त्या दंडावरचं व्याज. अर्धा अर्धा भरून हे संपणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. कंपनी गाडी उचलणार, मिळेल त्या भावात लिलाव करणार आणि उरलेलं आम्हा दोघींच्या मागे लावणार. त्याआधी आपणच गाडी विकायची, असं त्यांनी ठरवलं. पण गाडी कारध्याला राजूच्या अंगणात होती. एका रविवारी सकाळी त्या म्हणाल्या, "मॅडम, संग चालता? बोलू नका काई. फक्त उभ्या राहा."

माझ्या स्कूटीवरून आम्ही वैनगंगेचा पूल ओलांडला. गाडी अंगणात उभी होती आणि राजू चाकाशी बसला होता. हातात पाना. आम्हाला पाहून उठला नाही.

"हप्ता थकून राहिला," ताई म्हणाल्या. "कंपनीवाले गाडी उचलतीन. त्याच्या आंधी मी इकतो."

"गाडी मी चालवतो. टायर मी टाकले."

"टाकले. पर कर्ज माझ्या नावावर हाये, अन् तुमी भरून नाई राहिले."

"मंग मी खाऊ काय?"

"शहापूरच्या मिलवाल्याशी बोलली मी. तो गाडी घेते. तुमालेच ड्रायव्हर ठेवाले सांगतलं त्याले. पगार देईन. गाडी तुमच्याच हातात राहीन."

राजू उभा राहिला. "माझ्याच गाडीवर मी नौकर? हे तू ठरवलं?" तो दोन पावलं पुढे आला. पाना अजून हातातच होता. दारात त्याची म्हातारी आई येऊन उभी राहिली होती. ताई जिथे होत्या तिथेच होत्या. राजूनं पाना पत्र्याच्या भिंतीवर फेकला. मोठा आवाज झाला आणि शेजारच्या घरातून माणसं डोकावली.

"पोरीले सांगतो मी," तो म्हणाला, "तिच्या बापाची रोजी कोनं खाल्ली ते."

"सांगा," ताई म्हणाल्या. "इचार करा अन् मिलवाल्याले कळवा. मी पोलिसात जानार नाई. पर कंपनीनं तुमचा पत्ता इचारला तं मी खोटाबी सांगनार नाई."

पुलावर त्यांनी मला स्कूटी थांबवायला लावली. खाली उतरून कठड्याला घट्ट धरून उभ्या राहिल्या. शेजारून ट्रक जात होते. "तिथं कापरं नाई भरलं, मॅडम," त्या म्हणाल्या, "इथं भरून राहिलं." खूप वेळानं त्या परत मागे बसल्या.

काही दिवस काहीच झालं नाही. मग कंपनीच्या माणसांनी लाखनीजवळ राजूची गाडी अडवायचा प्रयत्न केला. तो कसाबसा निसटला, पण मालासकट भर रस्त्यात गाडी हातची जाईल हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं ती स्वतः मिलमध्ये नेऊन लावली, किल्ली मालकाच्या टेबलावर टाकली आणि नोकरी नको म्हणून चालत निघून गेला. सगळं देणं गाडीच्या किमतीत भागलं नाही. दंड कमी करून घ्यायला ताई दिवसभर कंपनीच्या बाकावर बसून राहिल्या. मॅनेजर जेवून आला तरी त्या तिथेच. थोडा दंड सुटला. बाकीचे पैसे त्यांच्या भावानं धान विकून दिले. कंपनीनं कर्ज संपल्याचा कागद दिला, त्याची प्रत आधी आमच्या घरी आली. यांनी ती दोनदा वाचली आणि मला म्हणाले, "बाई खरी आहे."

पण राजूनं पोरीला सांगायचं ते सांगितलं होतं. मोनालीनं कपडे पिशवीत भरले आणि ती बापाकडे कारध्याला राहायला गेली. ताईंनी अडवलं नाही. दर महिन्याला तिच्या वाटचे तांदूळ आणि शिकवणीचे पैसे मात्र तिकडे जात राहिले. "ती माझ्या खर्चात हाये," त्या म्हणत. "कुठं झोपते त्यानं खर्च बदलत नाई." मधल्या सुट्टीत त्या डबा उघडत आणि तसाच बंद करत. कित्येकदा मी माझ्यातली पोळी जबरदस्तीनं त्यांच्या हातात दिली.

बारावीच्या परीक्षेआधी एका दुपारी मोनाली ऑफिसात आली. डोळे सुजलेले. वाढदिवसाचा तो मोबाइल हप्त्यावर घेतलेला होता, हप्ते थकले होते, आणि राजूनं दुसरा नंबर म्हणून पोरीचा दिला होता. सकाळपासून कोणीतरी तिला घाणेरडं बोलत होतं. ती सांगत असतानाच फोन वाजला. तिनं तो आईपुढे धरला. ताईंनी घेतला नाही.

"तू बोल. मी इथंच बसली हाये."

"आई, तू बोल ना."

"तुह्या नंबरवर आला. तू बोल."

पोरीनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. मग म्हणाली, "मी मोनाली. फोन पप्पांनी घेतला. माझी सही नाही. मला फोन करायचा नाही." पलीकडून शिवी आली. मोनाली दचकली आणि तिनं आईकडे पाहिलं. ताईंचे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते, बोटं पांढरी पडली होती. "तुमचं नाव सांगा," मोनाली म्हणाली. "पूर्ण नाव. मी तक्रार करीन." फोन कापला गेला.

मग पोरीनं विचारलं, "पप्पांचा हप्ता तू भरशील?"

"नाई."

"त्यांच्याजवळ नाहीत, आई."

"मंग मोबाइल दुकानात वापस कराचा. तू अन् पप्पा जा. लागलं तं मी येतो संग, बोलाले. पैसे देनार नाई."

मोनाली रडली. ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच. संध्याकाळी दोघी एकाच ऑटोत शहापूरला गेल्या. रविवारी मोनाली बापाला भेटायला जात राहिली आणि ताई तिला ऑटोचं भाडं देत राहिल्या.

भावाचे पैसे फेडायला त्यांना वर्षाच्या वर लागलं. संध्याकाळी त्या ब्लाउज शिवायच्या. पैसे भावाच्या नाही, वहिनीच्या हातात देत. "धान तिनंबी रोवला होता. भाऊ काई बोलनार नाई, तिच्या मनात राहीन," म्हणत.

ते संपल्यावर एकदा शाळा सुटताना त्या मला भांड्यांच्या गल्लीत घेऊन गेल्या. एका दुकानात पितळेचा पाण्याचा गुंड हातात घेतला, बोटानं वाजवून पाहिला, भाव विचारला. दुकानदार ओळखीचा. "न्या ना बाई, पैसे पुढच्या महिन्यात द्या." ताईंनी गुंड खाली ठेवला आणि हसल्या. "मंग पुढच्या महिन्यातच येतो."

पुढच्या महिन्यात संस्थेनं त्यांची बदली साकोलीच्या शाळेत केली. मोनालीला तिकडेच नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, म्हणून त्या खूश होत्या. निघायच्या दिवशी मी भंडाऱ्याच्या बसस्थानकावर गेले. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. ताई खिडकीशी बसलेल्या, शेजारी मोनाली, आणि मांडीवर तो गुंड, कागदही न गुंडाळलेला. कंडक्टर म्हणाला, "बाई, वर ठेवा ते."

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "मी धरतो."

बस निघाली. त्यांनी एक हात खिडकीतून बाहेर काढला आणि मी दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिल्या. दुसरा हात गुंडावर होता.