काळूरामच्या कानातला आवाज

काळूराम जॉबरला फक्त झोप हवी होती. देवाकडे त्याचं दुसरं काही मागणं नव्हतं. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांच्या एका लूमखात्यात तो अठरा वर्षं जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे आणि चालते बिघडू द्यायचे नाहीत. चोवीस लूम एकदम धडधडत असताना सातव्या लूमचा धोटा, म्हणजे सूत घेऊन या टोकाचा त्या टोकाला पळणारा लाकडी तुकडा, वाकडा पळतोय, हे तो दारात चपला काढता काढता ओळखायचा. त्याचं पोट त्या कानांवर चालत होतं. गेल्या वर्षापासून मात्र अंथरुणाला पाठ टेकली की डोकं भणभणायचं आणि झोप काही यायची नाही.

हे त्यानं सुधीर मास्तरांना सांगितलं, तिथंच चुकलं. मास्तर शेजारच्या आळीत राहायचे. शाळेत गणित शिकवायचे, आणि गणेशपुरीच्या आश्रमात जाऊन आल्यापासून गणित सोडून बाकी सगळं शिकवायला लागले होते. अख्ख्या भिवंडीची तब्येत संगीतानं आणि ध्यानानं सुधारायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. रक्तदाबाला एक राग, अपचनाला दुसरा, झोपेला तिसरा. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी सकाळी मास्तर मारुतीच्या देवळात पेटीवर एकच सूर धरून बसत आणि समोर दहा-बारा विणकर डोळे मिटून बसत. त्यातले निम्मे घोरत. आपणही घोरू, एवढ्याच आशेनं काळूराम गेला.

पण पेटी थांबली, देऊळ शांत झालं, आणि त्याचे डोळे टक्क उघडे राहिले.

"आत काय ऐकू येतंय?" मास्तरांनी विचारलं.

"बारीक शिट्टी वाजतेय, मास्तर. कानात रातकिडा बसल्यावानी. थांबतच न्हाय."

मास्तरांचे डोळे भरून आले. "अहो काळूराम, हा अनाहत नाद! कुणी न वाजवता वाजणारा. लोक बारा-बारा वर्षं बसतात, तरी ऐकू येत नाही. आता त्याच्याकडेच कान लावा. बाहेरचं काही ऐकू नका."

झालं! रोग राहिला बाजूला आणि काळूरामचा बुवा झाला. खात्यात नवे विणकर वाकून नमस्कार करू लागले. तेलानं काळे झालेले हात घेऊन तो लूमखालून बाहेर यायचा, तर समोर कुणीतरी नारळ घेऊन उभं. बायकोनं, रंगूबाईनं तर कहर केला. घरात सुकट-बोंबील बंद.

"आवो, नाद लागलेल्या मानसानं वशाट खायचं न्हाय," ती म्हणाली.

"मी कुणाचं घोडं मारलंय गं? झोप मागायला गेलो, तर जेवण पण गेलं!"

तो चिडायचा, आदळआपट करायचा, आणि रोज पहाटे पाटावर बसून शिट्टी ऐकायचाही. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडू लागलं होतं. सारी जिंदगी त्याला लोकांनी 'ए जॉबर' म्हणून हाक मारली होती, आता काळूरामबुवा म्हणत होते. झोपेचं नाव नव्हतं, पण मान होता.

असे सहा महिने गेले. एका दुपारी अकराव्या लूमवर तो वाकला होता. लूम ठीक चालतोय, असं त्याच्या कानांनी त्याला सांगितलं होतं. मागून मोरू नावाचा पोरगेला विणकर ओरडत होता, "दादा, बाजूला व्हा!" तीनदा ओरडला म्हणे. काळूरामला एकदाही ऐकू गेलं नाही. धोटा सुटला आणि कपाळाला चाटून भिंतीवर आदळला. दोन बोटं खाली लागला असता तर डोळाच गेला असता.

कपाळाला टाके पडले, ते त्यानं सोसले. पण लूम ठीक चाललाय असं आपल्याला वाटलंच कसं, हे काही सोसवेना. कुणाला न सांगता तो ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला.

"ऐकू येतंय?"

"वाजवा तर आधी," काळूराम म्हणाला.

डॉक्टरांनी तो पुन्हा वाजवलाच नाही. लूमवर किती वर्षं, एवढंच विचारलं. मग त्याला कळावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "लूमच्या आवाजानं कान मेलेत. ती शिट्टी त्याचीच. गेलेलं परत येत नाही. शिट्टी सुरू झाली तेव्हाच कानात बोळे घालायला लागला असतात, तर बरंच वाचलं असतं."

शुक्रवारी तो तरातरा देवळात शिरला आणि मास्तरांच्या पेटीवर हात ठेवून सूर बंद केला.

"देव न्हाय आणि नाद न्हाय! लूमनं कान खाल्लेत माझे! आणि तुम्ही मास्तर, मला सहा महिने त्याची पूजा करायला लावलीत!"

मास्तर पांढरेफटक पडले. काळूरामला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मागं बसलेला रामनाथ म्हणाला, "मगर जॉबरजी, वो सीटी तो मेरे को भी आती है. दस साल से."

"मला लग्नाच्या आधीपासून हाय," राघो म्हणाला. आणखी चौघांनी माना डोलावल्या.

"मग मुडद्यांनो, बोललात का न्हाय?" काळूराम किंचाळला.

"त्यात बोलायचं काय?" राघो म्हणाला. "आमाला वाटलं, दर मानसाच्या कानात ती असतेच."

सगळ्यांत पुढं मोरू बसला होता. लूमवर लागून त्याला दोनच वर्षं झाली होती. तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"काय?" काळूरामनं कानामागं हात धरला.

मोरूनं परत सांगितलं. काळूरामला परतही ऐकू आलं नाही. शेवटी मोरू उठून जवळ आला आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असा त्याच्या कानात ओरडला, "मला परवापासून येतेय, दादा! काल बायकोनं आळीत पेढे वाटले!"