भरमाला पोचव

"कुठं हाय रं तुझा डॉक्टर? मला काय झालंय ते आधी मला सांगायचं का आख्ख्या गावाला?"

सदलग्याचा भरमाण्णा डोक्यावर खोकं घेऊन दवाखान्याच्या पायरीवर असा ओरडत होता, की निपाणीच्या बाजारातला तंबाखूचा लिलाव थांबला आणि पलीकडच्या देवळातली घंटा कुणी न वाजवता वाजली. मी कंपाउंडर. नोकरीला लागून महिनासुद्धा झाला नव्हता. मी काउंटरच्या आड इतका खाली बसलो की नाक फरशीला लागलं. कारण ते खोकं मीच पाठवलं होतं.

डॉक्टर नेहमीसारखे खिडकीशी उभे होते, गोळ्यांची पाकिटं उजेडात धरून तारखा वाचत. कंपन्यांचे एजंट नमुन्याची औषधं वाटून जात. त्यातली मुदत जवळ आलेली बाकीचे डॉक्टर फेकून देत. आमचे डॉक्टर मात्र पार बेळगावच्या खासबागेपर्यंतचे दवाखाने सायकलीवर पालथे घालून ती मागून आणत. जाताना डॉक्टर सायकलीवर असायचे, येताना सायकल औषधांवर. कुणी म्हणालं, "अहो, मुदत संपत आलीय," की ठरलेलं उत्तर: "संपत आली म्हंजे संपली न्हाय." टायफॉइडच्या रोग्यालाही ते हेच सांगत, आणि तो लाजेकाजेस्तव बरा होई.

ते मूळचे बर्माचे. शिकायला इकडं आले, तिकडं लष्कराचं राज्य आलं आणि परतीची वाट मिटली. धाकटी बहीण तिकडं डोंगरातल्या एका गावात नर्स होती. तिथं हिवतापानं माणसं जात. मणिपुरात सीमेलगत डॉक्टरांचा एक मित्र होता, तोही मूळचा बर्माचाच डॉक्टर. त्याच्याकडं खोकं पोचलं की तो ते माणसांच्या पाठीवरून डोंगरापार धाडायचा. पाऊस लागला की ती वाट बंद.

तर ऐन उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला खोकं दिलं आणि म्हणाले, "हे आज बर्माला पोचव." पत्त्याची चिठ्ठी टेबलावरच होती. मी कशाला बघतोय? भरमा म्हणजे सदलग्याचा भरमाण्णा, आमचा दम्याचा जुना रोगी. तुम्हीही दुसरं काय समजला असता? सदलग्याच्या बसमध्ये खोकं चढवलं, कंडक्टरला बजावलं, "डॉक्टरांनी दिलंय, भरमाला पोचवा," आणि स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्यालो.

भरमाण्णानं खोकं फोडलं. आत चार बैलांना पुरतील एवढ्या गोळ्या. "एवढ्या लागत्यात म्हंजे आपलं काय खरं न्हाय," असं तो म्हणाला मात्र, बायकोनं हंबरडा फोडला. भावकी जमली, पाहुणे आले, चुलतभावानं दोरी घेऊन मळा मोजायला काढला. दहा दिवस भरमाण्णा अंथरुणावर पडून मरणाची वाट बघत होता. ते येईना, तेव्हा वैतागून तो निपाणीला आला.

डॉक्टरांनी खोकं बघितलं आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"कुठं पाठवलं होतंस?"

"तुम्हीच म्हणालात की, भरमाला."

"भरमाला... बर्माला," डॉक्टर पुटपुटले. मग असे हसले की डोळ्यांना पाणी आलं. हसणं थांबलं, पाणी थांबेना.

भरमाण्णाचा आवाज खाली आला. "कुणाच्या वो ह्या गोळ्या?"

"बहिणीच्या गावच्या. आता पोस्टानं गेल्या तर पावसाच्या आत पोचत न्हाईत."

"मग आधी सांगायचं की! मी तिकडं फुकट मरतोय." त्यानं खोकं पुन्हा डोक्यावर घेतलं. "भाच्याचा तंबाखूचा ट्रक उद्या सकाळी कलकत्त्याला निघतोय. ब्रेक वापरायची सवय न्हाय त्याला."

कलकत्त्यात डॉक्टरांचा आणखी एक गाववाला दवाखाना चालवत होता. तो स्वतः खोकं घेऊन मणिपूरला गेला. श्रावणात बहिणीचं पत्र आलं. वाट बंद व्हायच्या दोन दिवस आधी गोळ्या पोचल्या होत्या. फक्त त्यांना तंबाखूचा असा वास, की रोगी आधी शिंकतो आणि मग त्याचा ताप उतरतो.

पुढं दरवर्षी खोकी सदलग्यावरूनच गेली. ट्रकवर चढवायला डॉक्टर स्वतः जात. सकाळी जायचे, दिवे लागायच्या आत परत. दारात बसलेल्या रोग्यांना मी सांगायचो, "भरमाकडं गेलेत," आणि ते बसून राहायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग बर्मातली माणसं लष्कराच्या भीतीनं जीव मुठीत घेऊन सीमा ओलांडायला लागली. मणिपूरच्या मित्राची चिठ्ठी आली: इकडं आणि पलीकडं बर्मातही रोगी बघायचेत, एकट्याला उरकत नाही, ये. डॉक्टरांचे केस तोवर पांढरे झाले होते. मी म्हटलं, "आता या वयात कुठं जाता?"

"संपत आलं म्हंजे संपलं न्हाय," म्हणाले, आणि दवाखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवून भरमाण्णाच्या भाच्याच्या ट्रकमध्ये चढले. पुन्हा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबाखूच्या वखारीतली एक म्हातारी खोकत आली. "डॉक्टर कुठं गेलं रं?"

मी काउंटरवरून वाकलो. एक एक अक्षर सुटं करून, स्पष्ट सांगितलं, "बर्माला."

म्हातारीनं पायरीवर बसकण मारली आणि पानाची चंची सोडली.

"मग येतील की सांजच्याला."