फिलूबरोबर वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतून परतताना मी आणि फिलोमिना, म्हणजे फिलू, पांढरे बूट हातात घेऊन मिठागराच्या बांधावरून अनवाणी चालायचो. बुटांना चिखल लागला की सिस्टर रागवायच्या, पायांना लागला तर फक्त आई.

गेल्या महिन्यात फिलूचा फोन आला. "वज्रेश्वरीला चल. गरम पान्यात पाय सोडून विचार कराचा हाय." विचार कसला, ते मला ठाऊक होतं. मुलानं मीरा रोडला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, आणि उत्तन गावातलं घर सोडून ये म्हणून तो तिच्या मागे लागलाय. तिनं नाही म्हणावं, असं मला मनातून वाटत होतं.

विरारहून एसटी मिळते. थंडीत आणि सकाळी लवकर जा. रस्ता खड्ड्यांचा, पण भाडं अगदी किरकोळ. वज्रेश्वरीचं देऊळ पेशव्यांनी वसईच्या विजयाचा नवस फेडायला बांधलेलं, त्यामुळे आत जाताना किल्ल्यात शिरल्यासारखं वाटतं. पायऱ्यांवर फिलू सारखी थांबून कोरीवकाम न्याहाळत होती.

"गुडघा दुखतोय म्हण ना सरळ!"

"गप रव. देवीच्या दारात भांडू नको."

तिथून अकलोलीच्या कुंडांपर्यंत रमतगमत चालत गेलो. आधी कोमट कुंडात उतरा, मग कढत. फिलू थेट कढत कुंडाकडे निघाली.

"मावशी, दमानं! अंड्यासारख्या उकडाल," आंघोळीला आलेली एक बाई म्हणाली.

"उकडलेलीच हाय गो मी!"

सगळ्या हसल्या. पण वर येताना तिचा गुडघा वाकेना. त्या बाईनं आणि मी काखेत हात घालून तिला ओढून काढलं. ओल्या पायरीवर बसून ती गुडघा चोळायला लागली.

"घरच्या विहिरीवर अशीच अडकली तर कोन काढील मना?"

मी तिला टॉवेल दिला. गणेशपुरीला चालत जायचं ठरलं होतं, रिक्षानं गेलो. मिसळ झणझणीत होती, पण दोघींनी अर्धी टाकली.

घरी आल्यावर कपड्यांना गंधकाचा वास राहिला होता. तो जायच्या आत तिचा फोन आला.

"ऐक. कोंबड्या शेजारच्या रोझीला. शिवणाचं मशीन भाचीला, ती शिवते तरी. येशूचा आल्तार माझ्यासंगती येल. मसाला कुटाचं उखळ नि मुसळ तुला. सातव्या मजल्यावर कुटलं तर खालचे लोक पोलीस बोलवतील. उन्हाळ्यात तू कुटाचा, नि माझ्या मसाल्याच्या बाटल्या लिफ्टनं वर आनून दियाच्या."