दगडाचे आठ दिवस

जुन्या देवळांचे नकाशे काढत मी भोर-वेल्ह्यात बरीच वर्षं फिरतोय. काळ्या दगडावर फासलेला ऑइलपेंट बघून आता चिडायचंही त्राण उरलेलं नाही.

वेल्ह्यातल्या पालीच्या अलीकडच्या एका गावात मात्र साठीच्या पुढचे एक गृहस्थ देवळाच्या खांबावरचा रंग पत्र्याच्या पट्टीनं खरवडत होते. चार बोटं दगड उघडा पडला की थांबायचे, थुंकीनं ओला केलेला अंगठा नक्षीवरून फिरवायचे. मला बरं वाटलं.

"किती थर हो हे?"

"मोजलं न्हाईत. दर जत्रंला एक."

"कुणी फासले?"

"म्याच. तीस वर्सं. त्याच्या आदी माजा बा. देऊळ उजळ दिसावं म्हून."

"आणि आता चूक कळली म्हणून काढताय?"

"न्हाई वो. लई पोपडं आल्यात, नवा सोनेरी धरंना." अंगठा एका दगडी फुलावर थांबला होता. "हे फूल म्याबी आजच बघितलं."

मी वाकून ते फूल जवळून बघितलं.

"आठ दिसांनी रंग लागंल," ते म्हणाले. "तवर काय मापं घ्यायची ती घ्या."

मी टेप काढली. दुसरं टोक त्यांनीच धरलं.