जिंकण्याचे पाच शब्द

मला इंग्रजी चांगलं यायचं. त्याचा कुणाला काही उपयोग झाला, असं आता वाटत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नांदुऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. आमच्याकडची पोरं मॅट्रिकला हमखास इंग्रजीतच गचकायची, म्हणून गावात माझा भाव वधारलेला. आणि माझी बायको, साखरखेर्ड्याची, नेमकी इंग्रजीतच नापास. बाकीचे विषय सुटले होते. एवढा एक सुटला की तिला बुलढाण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. लग्नानंतर तिनं माझ्याकडे मागितलेली गोष्ट ही एकच.

रविवारी सकाळी ती तुरीची डाळ निवडायची आणि मी शिकवायचो. शिकवायचो कसला, खेकसायचो. एकदा 'मी भावाला हरवलं' याचं तिनं वाक्य केलं, "आय वन माय ब्रदर." मी कपाळावर हात मारला.

"भाऊ काय बक्षिसात भेटला तुले? विन सामन्याले लागते, बक्षिसाले. मानसाले बीट करतात, नाही तं डिफीट. बीट खेळातलं, डिफीट सैन्याचं, निवडणुकीचं. कॉन्कर मुलखाले लागते, नाही तं सोताच्या भेवाले. अन् ट्रायम्फ म्हंजे लय मोठा विजय, वाजतगाजत."

"आपलं एका जिंकण्यात सारं भागते. त्यायले पाच काऊन लागतात?" ती म्हणाली. मग हळूच, "अन् नवऱ्यासंगं भांडून जिंकलं तं कोनता?"

"तसा शब्दच नाही," मी म्हणालो. तेव्हा दोघंही हसलो होतो.

मार्चला ती चार मार्कांनी गेली. शिक्षकांच्या खोलीत एकजण बशीतला चहा फुंकत म्हणाला, "दिव्याखाली अंधार हो गुर्जी!" सगळे हसले, मीही हसलो. पण ते माझ्या मनातून जाईना.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म शाळेमार्फत जायचा. तिनं आणायला सांगितला आणि मी आणलाही. पण तिच्या हातात दिला नाही. माझ्या जाड डिक्शनरीत, झेडच्या पानांत दडवला. तिथं कोण जातं? ही पुन्हा नापास झाली तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मुदत संपल्यावर तिला सांगितलं, "फॉर्म आलेच नाहीत यंदा. पुढच्या साली पाहू."

ती म्हणाली, "बरं." भांडली असती तर फार बरं झालं असतं. पुढच्या साली मुलगी झाली, मग मुलगा. ट्रेनिंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

काही वर्षांनी शेजारची मुलगी मॅट्रिकला बसली. एकदा शाळेतून आलो तर दारातच आवाज ऐकू आला. "काकू, विन अन् बीटमधी फरक काय असते?" डाळ निवडता निवडता बायको सांगत होती. पाचही शब्द, उदाहरणांसकट, माझ्याहून सोपे करून. वर म्हणाली, "अन् अर्न ध्यानात ठेव. कष्टानं मिळवणं. त्याले कोनाले हरवा लागत नाही."

"काकू, तुमी किती शिकल्या?"

"मी? मॅट्रिक नापास."

अर्न मी तिला कधी शिकवला नव्हता. घरात डिक्शनरी एकच होती. आत जाऊन मी ती फळीवरून काढली आणि झेडची पानं उघडली.

फॉर्म तिथंच होता, त्याच घडीत. पण भरलेला. नाव, जन्मतारीख, विषय, सगळं तिच्या रेखीव अक्षरात, इंग्रजीत, एकही चूक नाही. शाळेच्या सहीची जागा तेवढी कोरी. खाली तारीख होती, मुदत संपायच्या चार दिवस आधीची.

माझ्या हाताला लागावा म्हणून तिनं तो भरून होता तिथंच ठेवला होता. आणि त्या चार दिवसांत मी, इंग्रजीच्या मास्तरानं, एकदाही डिक्शनरी उघडली नव्हती.