तळवलीचे जपानी सर

आमच्या कराटेच्या सरांना लोकांनी जितके देश बहाल केले, तितके एखाद्या राजदूतालाही जन्मात मिळाले नसतील. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत आले तेव्हा पहिला आठवडा ते नेपाळी होते. मग आमचा नेपाळी वॉचमन त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलायला गेला, तर सर नुसतेच कमरेत वाकले. म्हणून चिनी झाले. चिनी म्हटल्यावर दोघी आयांनी पोरांची नावं काढून घेतली. मग कुणीतरी त्यांना मणिपूरला पाठवलं, जसा काही तो परदेशच. शेवटी सगळ्यांनी मिळून जपानी ठरवले आणि मग क्लास असा भरला की हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरेना. आता यात सरांचा काय दोष? डोळे बारीक, गालाची हाडं वर, अंगावर पांढरा शुभ्र ड्रेस आणि तोंडात शब्द नाही.

बोलायचे ते आकडे. इच, नी, सान, शी, गो. 'गो' म्हणजे पाच, आणि 'हाय' म्हणजे हो, हे आम्हाला पोरांनी शिकवलं. माझी नात तर दूध हवं का विचारलं तरी "हाय!" म्हणून ओरडायची. आणि वाकणं! हॉलच्या दाराला वाकायचे, पाण्याच्या कूलरला वाकायचे. एकदा कचऱ्याच्या डब्याला वाकलेले पाहिले आणि म्हटलं, आता हद्द झाली. मग दिसलं की डब्यामागे सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या. कधीमधी मराठीत एखादं वाक्य बोलले, की लोक म्हणायचे, "बघा, जपानी असून किती छान मराठी शिकला!"

मी त्यांची सर्वांत म्हातारी विद्यार्थिनी. जिन्यात पडून मनगट मोडलं होतं माझं, तेव्हापासून पायरी दिसली की मी दोन्ही हातांनी कठडा धरायची. नातीला सोडायला गेले की भिंतीला टेकून बसायची. एक दिवस सर समोर येऊन वाकले. "काकू, पडायला शिका." म्हटलं, "अहो, तेवढंच तर येतं मला." हसले नाहीत. सहा महिने मला गादीवर पाडत राहिले. हनुवटी छातीशी, हात सपाट आपटायचा, श्वास सोडायचा. मुलगा कपाळाला हात लावून म्हणायचा, "आई, लोक बघतात गं." बघू देत की! माझी भीती गेली होती.

पहिल्या मजल्यावरच्या मॅडमनी एकदा सरांना फोनवर ऐकलं. सांगत आल्या, "जपानी आईशी बोलत होते हो! हाय गो, हाय गो करत होते." म्हणजे 'हो पाच, हो पाच'. आता आईला कुणी पाच पाच कशाला सांगेल? चार दिवसांनी मीच ऐकलं, "हाय गो आये, पानी हाय भरलेलं. गोली घे गो." मी जागच्या जागी थबकले. पंचवीस वर्षं मी शेजारच्या तळवली गावातल्या आगरी बाईकडून मासळी घेते, "घे गो, ताजी हाय" ऐकत. विचारलं, "सर, तळवलीचे का तुम्ही?" त्यांचा चेहरा उतरला. कराटे ते ठाण्यात एका मल्याळी मास्तरांकडे शिकले होते, जपान नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, "काकू, कुनाला बोलू नका. शालेत तोंड उघडलं का वर्ग हसायचा. हितं आकडं बोलतो, कोन हसत नाय." मी देवाशपथ कबूल केलं. माझ्यासारख्या बडबड्या बाईने. आणि पाळलंही, सोसायटीच्या मीटिंगपर्यंत.

मीटिंगमध्ये कुणीतरी मुद्दा काढला, की परदेशी माणूस रोज हॉलमध्ये येतो, त्याचे कागद नकोत का आपल्याकडे? सरांना बोलावलं. सेक्रेटरींनी विचारलं, "पासपोर्ट?" "नाय." "व्हिसा?" "नाय." "मग सर, पोलिसांना कळवावं लागेल." सर खाली बघत उभे. मला राहवेना. उठले आणि म्हणाले, "अहो, कसला पासपोर्ट! आपल्या तळवलीचे आहेत ते, रिक्षाने दहा मिनिटं!"

मला वाटलं, हसतील सगळे, कौतुक करतील. पण मॅडम म्हणाल्या, "म्हणजे गाववाले? आम्ही जपानी समजून पाठवत होतो." मागून कुणी म्हणालं, "म्हणजे फसवलंच की!" सर म्हणाले, "मी कवा बोललो, मी जपानी हाय म्हनून?" त्या 'हाय म्हनून'ला मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी ऐकलं. मीही ऐकलं.

पोलीस नाही आले. पोरंही नाही आली. लाथ तीच, ठोसा तोच, पण महिन्याभरात हॉलमध्ये उरलो मी आणि माझी नात. मग सूनबाई म्हणाली, "आई, वाशीला एक रशियन सर आलेत म्हणे," आणि उरले मी एकटी. तरी सर समोर उभे राहून इच ते दहा पूर्ण मोजायचे, माझ्या एकटीसाठी, पण आवाज दिवसेंदिवस खाली. मग एक दिवस आलेच नाहीत.

दोन महिन्यांनी तळवलीला गेले, विचारत विचारत घर गाठलं. आईच्या फोटोला हार होता. सर तुर्भ्याच्या एका कारखान्यात गेटवर लागले होते. मी माफी मागितली, तर म्हणाले, "खरं बोलल्याची कोन माफी मागतं, काकू?" आणि मग बोलू लागले. आईने एका पाहुण्याची कशी खोड मोडली, मल्याळी मास्तरांना मराठी शिव्या कुणी शिकवल्या, काय काय! आपल्या बोलीत, नकला करत, अर्धा तास. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले मी. दोन वर्षं हा माणूस आमच्यात होता, आणि आम्ही त्याच्याकडून फक्त दहापर्यंत आकडे ऐकले.

निघताना म्हटलं, "सर, क्लास पुन्हा सुरू करा. कुठेही करा. मी येते."

"आनी कोन?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता हो त्यात, खरंच विचारत होते.

मला आयुष्यात कधी शब्द कमी पडले नाहीत. त्या दारात मात्र एक नाव सुचेना.