पिंपातले इंजिन

ती घटना आठवली की धुराचा वास आजही नाकाशी येतो. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रोज मोर्चा, रोज बंदोबस्त. त्या धामधुमीत गिरगावातला एक तरुण मच्छीमार आमच्या पोलीस ठाण्यात आला. होडीच्या मागे लावायचे त्याचे इंजिन कोणीतरी काढून नेले होते. आम्ही फिर्याद नोंदवली, नेहमीचे चोर उचलले, त्यांनी नेहमीच्या शपथा खाल्ल्या. हाती काही लागले नाही.

पुढे काळाचौकीत बंदोबस्ताला उभा असताना एका चाळीतल्या बाईंनी मला गाठले.

“साहेब, मोर्चे मागाहून बघा! आम्ही नळावर रांगा लावायच्या आणि हा मेला पिंपभर पाण्यात मशीन फिरवतो. सगळी चाळ धुरानं भरली!”

हवालदार हसले. मी चाळीमागे गेलो. पिंपाच्या काठाला इंजिन अडकवलेले, पाणी खळखळते आहे आणि शेजारी गिरणीतला एक फिटर उभा. इंजिनाचा नंबर जुळला, पंचनामा झाला. फिटर निघाला फिर्यादीचा सख्खा थोरला भाऊ!

ठाण्यात त्याला चोरीचे कारण विचारले. मी आवाज चढवला, उपयोग शून्य. शेवटी वैतागून म्हणालो, “अरे, चोरीचा माल माणूस गुपचूप दडवतो. तू तो चाळभर गाजवलास कशाला?”

तो दुखावलाच. “समुद्रातसून आणलेला इंजिन गोड्या पाण्यात चालवल्याशिवाय ठेवला तर मीठ आतसून खाता, सायबानु. माका भावाक थांबवूचा होता. इंजिन कुजवूचा नव्हता.”

मग सगळे बाहेर आले. दारूबंदीचा काळ. धाकटा होडीतून चोरट्या दारूच्या खेपा करायला निघाला होता. सांगून ऐकेना, तुरुंगात जाईल या भीतीने थोरल्याने इंजिनच काढून आणले.

धाकट्याला बोलावले. तो तावातावाने आला, भावाकडे ढुंकूनही न पाहता इंजिनाकडे गेला. पाणी बाहेर पडायच्या भोकात बोट घालून त्याने ते जिभेला लावले. खारट लागले नाही.

“दादा, तू धुवलंस ह्या?” एवढे बोलून तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. 

फिर्याद गैरसमजातून झाल्याचा अहवाल मी पाठवला. त्या होडीवर पुढे बरेच दिवस पाळत ठेवली; मासळीखेरीज काही सापडले नाही.

मुद्देमाल कुठे सापडला हे सगळेच बघतात. तो कसा ठेवला होता, हे बघायला मी तेव्हा शिकलो. विकायला नेलेली वस्तू कोणी अशी धूत बसत नाही. भाऊ ताळ्यावर आला की थोरल्याला ते इंजिन त्याच्याच हातात परत द्यायचे होते.